डावीकडून तिसरे फूल

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. जुना असलो तरी स्वस्थ बसणाऱ्यातला मी नाही. माझे बूड ओट्यावर टेकलेले असते, पाठ भिंतीला असते, पण चित्त कधी थाऱ्यावर नसते. कुकरची शिट्टी झाली की मी थरथरतो. खिडकीतून वारा आला की वाजतो. वाफ लागली की माझ्या मागची चिकटपट्टी सुटते आणि मी हळूहळू पुढे झुकू लागतो. मग घरातले कोणीतरी येते, मला तळहाताने मागे दाबते आणि म्हणते, "गप उभा राहा की जरा!" इतकी वर्षे हे ऐकतो आहे, पण गप उभे राहणे मला अजून जमलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन जड रुळांमधून मला दाबून काढले, एवढेच त्यातले आठवते. मग एका छापखान्याने मला विकत घेतले, माझ्यावर निळ्या रंगात आपले नाव रंगवून घेतले आणि चार बोल्ट ठोकून मला दारावर बसवले. सव्वीस वर्षे मी तिथून हललो नाही. ऊन, पाऊस, कबुतरे, सगळे सोसले. तेव्हा मला वाटायचे, कधी एकदा इथून सुटतो! आता वाटते, काय सुखात होतो. माझा स्वभावच असा आहे. बसलो की उठावेसे वाटते आणि उठलो की बसावेसे.

त्या छापखान्यात बाबा कामाला होते. आज मी ज्यांच्या घरी आहे तेच हे बाबा. तेव्हा ते जुळारी होते. शिशाची एकेक अक्षरे असतात, त्यांना खिळे म्हणतात. ते खिळे खणांतून उचलून ओळीत जुळवायचे, हे जुळाऱ्याचे काम. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, आरशात दिसावे तसे. बाबा ती उलटी अक्षरे झरझर वाचत, आणि खणाकडे न बघता त्यांची बोटे हवे ते अक्षर उचलत. पुढे यंत्रे बदलली, खिळे वितळवायला गेले आणि छापखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, ज्याला जे हवे ते न्या. कोणी घड्याळ नेले, कोणी खुर्ची नेली. बाबा भिडस्त. सगळ्यांचे घेऊन झाल्यावर ते पुढे झाले, तेव्हा फक्त मी उरलो होतो.

"हे काय आणलंत बाबा?" मला पाहून त्यांच्या सुनेने कपाळाला हात लावला.

"पाटी आहे आमची."

"ते दिसतंय. पण ठेवायची कुठे? इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही."

मला पलंगाखाली सरकवण्यात आले. सव्वीस वर्षे रस्ता पाहिलेल्याला पलंगाखाली काय दिसणार? चपला आणि धूळ. तीन महिने मी तिथे तळमळत पडलो होतो.

ते घर भाड्याचे होते. बाबा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई अशी तीन माणसे तिथे राहत. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. घर नीटनेटके होते, फक्त शेगडीमागची भिंत पाहवत नव्हती. आधीच्या कितीतरी बिऱ्हाडांच्या फोडण्या तिने पिऊन ठेवल्या होत्या. ती पिवळी पडली होती, हात लावला की बोट चिकटत होते. सूनबाई हौशी. तिने दुकानातून फुलाफुलांच्या चिकट टाइल्स आणल्या. मागचा कागद सोलायचा आणि लावायच्या, एवढे सोपे काम. पण घरमालकीणबाईंच्या ते कानावर गेले आणि त्या तडक वर आल्या.

"भिंतीला टाचणी टोचायची नाही, रंग लावायचा नाही, काही चिकटवायचं नाही," त्यांनी बजावले. "घर जसं दिलंय तसंच परत पाहिजे मला."

"तसंच म्हणजे असं तेलकट?" सूनबाईने विचारले. घरमालकीणबाईंना ते ऐकू आले नाही, किंवा त्यांनी ते ऐकून घेतले नाही.

टाइल्स कपाटात पडून राहिल्या. सूनबाईचा चेहरा उतरलेला बाबांना बघवेना. एका रविवारी ते म्हणाले, "भिंतीला चिकटवायचं नाही ना? मग नको चिकटवू. पाटीला चिकटव आणि पाटी भिंतीला टेकव."

मित्रांनो, माझे भाग्य असे उघडले. मुलाने कामावरून पत्रा कापायची कात्री आणली. सूनबाईने कापड बेतावे तसे मला बेतले. माझी नाव रंगवलेली बाजू भिंतीकडे गेली आणि कोरी बाजू पुढे आली. तिच्यावर त्यांनी चार ओळींत अकरा-अकरा चौकोन चिकटवले. प्रत्येक चौकोनात एक उठावाचे फूल होते, खाली देठ आणि देठाला एक पान. डोळे मिटून बोट फिरवले तरी पाकळी कुठे संपते आणि पान कुठे लागते ते कळावे, इतका ठसठशीत उठाव. भिंतीवरच्या बटणांच्या पेटीसाठी माझ्यात एका चौकोनाएवढे भोक पाडावे लागले. ते पाडले वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या फुलाच्या जागी. कापून निघालेला तुकडा बाबांनी चहाच्या कपाखाली ठेवायला घेतला. मग मला ज्योतीपासून वीतभर मागे उभे केले, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली आणि तिघेही दोन पावले मागे जाऊन बघू लागले.

"आमचा छापखाना आता भिंतीकडे तोंड करून बसलाय," बाबा म्हणाले, "शिक्षा झाल्यासारखा."

शिक्षा कसली! माझा तर नुसता तोरा होता. शेजारपाजारची माणसे मला बघायला येत. "खऱ्याच वाटतात हो!" असे म्हणत आणि बोटाने टिचकी मारून बघत. टिचकी मारली की मी टण्ण वाजे आणि माझे बिंग फुटे. मग सगळे हसत.

मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर असत, म्हणून बाबांनी स्वयंपाक आपल्याकडे घेतला. सुरुवातीला भाजी कच्ची राही, मग करपू लागली, काही दिवस तर एकाच कढईत दोन्ही प्रकार झाले. पण शिशाची अक्षरे निवडलेला माणूस तो. हळूहळू मिठाचा अंदाज आला, आचेचा अंदाज आला. संध्याकाळी सूनबाई दमून येई, ताटावर बसे आणि पहिला घास घेऊन म्हणे, "बाबा, आज बाजी मारलीत!" एवढ्या एका वाक्यावर बाबांचा दुसरा दिवस जाई. छापखाना सुटल्यापासून ते रिकामे रिकामे झाले होते. या ओट्याने त्यांना पुन्हा कामाचा माणूस केले. हे मी अगदी जवळून पाहिले आहे, वीतभर अंतरावरून.

दोन वर्षे झाली नाहीत तोच घरमालकीणबाईंच्या मुलाला घर हवे झाले. आमचे बिऱ्हाड उठले. मला जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत उभे केले आणि वाटभर मी इतका खडखडलो की चालकाने दोनदा गाडी थांबवून बघितले. दुसऱ्या घरात ओटा तेवढाच होता, पण बटणांची पेटी भलत्याच जागी होती, आठव्या फुलामागे. आता झाली ना पंचाईत! मला वाटले, संपले आपले. पण सूनबाईने कात्री घेतली, आठव्या फुलाचा चौकोन कापून काढला आणि तोच तिसऱ्या फुलाच्या जुन्या भोकात बसवला. मागून पट्टी लावली. बरोबर बसला. फक्त घाईत एक चूक झाली. तुकडा उलटा लागला. फूल खाली आणि देठ वर.

"अय्या! थांबा, काढून परत लावते."

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी त्या फुलावरून बोट फिरवले. "उलटं असलं की मला लगेच सापडतं."

"तुमचं आपलं काहीतरीच." सूनबाई हसली आणि तिने ते फूल तसेच राहू दिले.

त्या दिवशी तो विनोदच होता. पण पुढे तसा राहिला नाही. तिसऱ्या घरात गेल्यावर (दुसऱ्या घराचे छत गळायला लागले होते) मला काहीतरी वेगळे जाणवू लागले. पूर्वी बाबांचा हात माझ्यावर क्वचित पडे, फडक्याने पुसायला किंवा मागे दाबायला. आता तो रोज पडू लागला. सकाळी ते ओट्यापाशी आले की आधी शेगडीकडे जात नसत. आधी माझ्या डाव्या कडेला हात लावत. मग बोटे सरकत. एक, दोन, तीन. उलटे फूल लागले की हात सरळ खाली येई आणि शेगडीच्या डाव्या बटणावर पडे. शेगडी कुठे ठेवायची याबद्दल ते आता हट्ट करू लागले होते. उलट्या फुलाखाली म्हणजे उलट्या फुलाखालीच. मुलाने एकदा ती हातभर सरकवली, तर बाबांनी त्याच्यावर तोंड टाकले. मुलाला वाटले, वय झाले की माणूस हट्टी होतो.

चौथ्या घरात बोटे मोजू लागली. उलट्या फुलापासून उजवीकडे पाच, की दिव्याचे बटण. सातव्या फुलाच्या थेट खाली मिठाची बरणी, त्याच्या शेजारी साखर. सूनबाई बरण्या पुसून जागा बदलून ठेवी आणि तिची पाठ वळली की बाबा त्या परत आपल्या जागी नेत. मित्रांनो, तेव्हा मला कळून चुकले. बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. त्यांना उजेड कळत होता, माणसाचा आकार कळत होता, पण ज्योत निळी आहे की पिवळी, हे कळत नव्हते. आणि ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती, बाबांना आणि मला. माझ्या जिवाची नुसती घालमेल होई. सांगावे तर तोंड नाही, आणि गप्प राहावे तर रोज त्या हाताखाली आग पेटत होती.

मग आम्ही पाचव्या घरी आलो. सामान उतरले, ओटा मांडला, पण मला कोणी चादरीतून बाहेर काढीना. मी वाट बघतो आहे, कोपरे हलवतो आहे, पण छे! संध्याकाळी सूनबाईने एक गुंडाळी उलगडली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, राखाडी रेघांची. संगमरवरासारखी दिसणारी. इथल्या मालकांनी चिकट कागद लावायला परवानगी दिली होती, कारण तो काढला की मागे डाग राहत नाही.

"बाबांना सांगू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली. "सकाळी उठल्यावर एकदम बघू दे. इतकी वर्षं त्या ठिगळाठिगळांच्या पत्र्यासमोर उभे राहून कंटाळले असतील बिचारे."

तिने किती मायेने केले ते! भिंत पुसली, कागद लावला, जुन्या कार्डाने एकेक बुडबुडा दाबून काढला. आणि मला फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सरकवले. मुलगा म्हणाला, "भंगारवाला रविवारी येतो. देऊन टाकू."

सकाळी बाबा ओट्यापाशी आले. फटीतून मला त्यांचा फक्त उजवा हात दिसत होता. तो भिंतीकडे गेला आणि थांबला. मग इकडे सरकला, तिकडे सरकला, वर गेला, खाली आला. सगळे गुळगुळीत. पाण्यावर हात फिरवल्यासारखे.

"कसं वाटलं बाबा?" मागून सूनबाईचा आनंदी आवाज आला.

"छान. फारच छान केलंस," बाबा म्हणाले.

त्या सकाळी चहा उतू गेला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या तव्याखालची शेगडी पेटली आणि भाजीची कढई थंडच राहिली. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचे झाकण ज्योतीवर ठेवले गेले. घरभर वास सुटला आणि ते काढताना बाबांचा अंगठा भाजला. तो त्यांनी खिशात लपवला. मी फटीत दात ओठ खात होतो, मित्रांनो. पत्र्याला दात नसतात, पण तुम्ही समजून घ्या. माझ्याजवळ रस्ता होता. माझ्या अंगावर एकेक वळण कोरलेले होते. आणि मी तीन पावलांवर फ्रिजच्या मागे कोळिष्टके गोळा करत उभा होतो.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "आता मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय." आणि ते बाहेरच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसले. दिवसभर बसले. त्यानंतर रोज बसले.

"काही लागलं का त्यांच्या मनाला? मी काही बोलले का?" सूनबाईने नवऱ्याला विचारले.

"अगं, सत्तरी उलटली. थकले असतील. आपण डबा लावू." मग मुलगा म्हणाला, "मला वाटतं, त्यांना माझ्या ताईकडे पाठवावं. तिच्या घरी दिवसभर माणसं असतात. इथे एकटे बसून बसून खंगतील."

बाबांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा." थोड्या दिवसांसाठी की कायमचे, हे कोणी बोलले नाही, पण बॅग मोठी काढली गेली. छापखान्यातला जुना चष्मा, जो आता काही कामाचा नव्हता, तोही बाबांनी तीत ठेवला. जायचा दिवस ठरला रविवार. माझाही रविवारच होता. एकाच सकाळी आम्ही दोघे त्या घरातून निघणार होतो, ते एका दिशेला आणि मी दुसऱ्या.

शनिवारी दुपारी बाबा घरात एकटे होते. फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू होताना नेहमी एक गचका देतो. आठवडाभर त्या गचक्यांनी मी तसूतसूने पुढे सरकत होतो. एरवी माझ्या या घसरण्याचा सगळ्यांना वैताग. पण त्या दुपारी फ्रिजने गचका दिला, माझे बूड सुटले आणि मी असा काही धडाड् आवाज करत आडवा पडलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडले.

बाबा भिंतीला हात लावत आले. पायाला कड लागली तशी खाली बसले. हात माझ्यावर पडला आणि थांबला. मग बोटे डाव्या कडेला गेली. एक, दोन, तीन. उलटे फूल. बाबांनी असा श्वास सोडला, जणू गर्दीत हरवलेले माणूस सापडले.

"इथे आहेस होय रे तू?" ते हळूच म्हणाले. मग ते मोजू लागले. "इथे शेगडी. उजवीकडे पाच, इथे दिवा. इथे मीठ..." ते पुटपुटत होते आणि त्यांची बोटे नव्या घराच्या फरशीवर जुन्या घराचा सगळा ओटा मांडत होती.

शनिवारी सूनबाईला अर्धी सुटी असते. ती केव्हा दार उघडून आत आली, केव्हा दार लावले, ते आम्हा दोघांनाही कळले नाही. ती चार हात अंतरावर उभी राहून बघत होती. बाबांनी मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिले.

"कोण आहे?" त्यांनी विचारले.

सूनबाई एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "मी आहे, बाबा."

"अगं, तू होय! उजेडाकडे पाठ करून उभी आहेस ना, म्हणून पटकन..."

"माझ्या मागे उजेड नाही, बाबा. दार लावलंय मी."

बाबांची बोटे माझ्यावर जिथे होती तिथेच राहिली. सूनबाई पर्स न ठेवताच त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"कधीपासून?"

"तिसऱ्या घरापासून."

"तिसऱ्या! चार वर्षं झाली बाबा! आणि तुम्ही आगीशी..." तिचा आवाज चढला आणि फुटला. "सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू शेगडीला हात लावू दिला असतास?"

"नसताच दिला!"

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे, पोरी. मला कळतं. पण तू संध्याकाळी येतेस, पहिला घास घेतेस, तेवढ्यासाठीच मी सकाळी उठत होतो. ते गेलं तर मी कशासाठी उठू?"

सूनबाईने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "आणि मी हौसेनं गुळगुळीत कागद लावला."

"चांगला असेल गं. दिसला असता तर कौतुक केलं असतं."

ती रडता रडता हसली. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि आपली बोटे माझ्या डाव्या कडेवर ठेवली. एक, दोन, तीन. दुसऱ्या घरात घाईत स्वतःच्या हाताने उलटे लावलेले फूल तिच्या बोटाला लागले. ती बराच वेळ तिथून बोट काढेना.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा घरात वादळ झाले. "डोळ्यांनी दिसत नाही आणि गॅसपाशी उभं राहायचं? शक्य नाही! उद्या काही झालं तर?" तो म्हणत होता ते खोटे नव्हते. मलासुद्धा चौथ्या घरापासून त्याचीच धास्ती होती.

"अरे, तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोस तेव्हा तिथे दिवा असतो का?" सूनबाईने विचारले.

"बॅटरी असते."

"आणि दोन्ही हात गुंतले की?"

मुलाने आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "हाताला कळतं. रोजची जागा असली की हाताला कळतं."

"तेच म्हणतेय मी. त्यांची रोजची जागा आपण काढून घेतली."

पण सूनबाई नुसती भावनेत वाहून जाणारी नाही. तिने बाबांपुढे अटी ठेवल्या. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. घरात कोणी असल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. काही चुकले, भाजले, तर खिशात लपवायचे नाही. बाबांनी सगळे कबूल केले, फक्त सकाळच्या पहिल्या चहाबद्दल घासाघीस केली. शेवटी असे ठरले की तो चहा ते करतील आणि मुलगा दारात उभा राहून दात घासेल.

रविवारी सकाळी खाली भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. मी ओट्यावर आडवा पडलो होतो आणि माझे सगळे कोपरे थरथरत होते. बाबांची बॅगही अजून दारापाशीच होती. कोणाचे मन केव्हा फिरेल, सांगता येते का? आरोळी जवळ आली, खिडकीखाली थांबली. सूनबाई खिडकीत गेली.

"काही आहे का ताई?"

"आज काही नाही!" ती ओरडली. मग तिने बॅग उचलली, आतल्या खोलीत नेली आणि रिकामी करून माळ्यावर टाकली.

गुळगुळीत कागद एका ओढीत निघाला. खरेच, मागे डागसुद्धा राहिला नाही. माझा त्याच्यावर राग नाही. तो आता मसाल्यांच्या कप्प्यात अंथरला आहे आणि तिथे सुखात असावा. मग कात्री निघाली. या घरातल्या पेटीसाठी दहावे फूल कापले गेले आणि ते चौथ्या घराच्या भोकात बसवायची वेळ आली. सूनबाईने तुकडा हातात धरून विचारले, "बाबा, हा पण उलटाच लावू ना?"

"नको नको, सरळ लाव!" बाबा घाईने म्हणाले. "उलटं एकच बरं. दोन झाली तर मी चहात मीठ घालीन."

डॉक्टरांनी सांगितले, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. दुसऱ्याची मागची नस सुकली आहे, त्याला फार उशीर झाला. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर बाबा घरी आले, स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभे राहिले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागले. माझी ठिगळे, ओरखडे, पिवळे पडलेले कोपरे.

"अरे, किती म्हातारा झालास!" ते म्हणाले. मग त्यांनी तो बरा झालेला डोळाही मिटला आणि नेहमीसारखे बोटांनी तिसरे फूल शोधले.

आता हेही घर मालकांनी विकायचे ठरवले आहे. आम्ही सहावे घर बघतो आहोत. परवा सूनबाई एक घर बघून आली आणि हसत सांगत होती. दाखवणारा माणूस तिला गच्ची दाखवत होता, न्हाणीघर दाखवत होता, आणि ही आपली स्वयंपाकघरात भिंतीसमोर डोळे मिटून, हात पुढे करून उभी. त्याने घाबरून विचारले, "ताई, चक्कर येतेय का? पाणी आणू?" ती म्हणाली, "नाही हो. बटण कितव्या फुलावर येईल ते बघतेय."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कळकट, ठिगळ लावलेली वस्तू असेल. ती काढून नवी आणायची हौस तुम्हाला वाटेल आणि ती वाटणेही बरोबरच आहे. पण तिला दाराबाहेर ठेवण्याआधी एकदा विचारा, रोज तिच्यावर कोणाचा हात पडतो? आणि त्या हाताच्या माणसाने काही लपवले असेल, तर त्याच्यावर रागवा, जरूर रागवा, पण त्याच्या समोर बसून रागवा. आणि तुमचेच काही दुखत असेल, तर ते खिशात ठेवू नका. माझ्यासारखा पत्रा सगळे ओळखतो, पण कोणाला सांगू शकत नाही. फार तर तो पडू शकतो.

आज सकाळपासून माझा वरचा डावा कोपरा पुन्हा सुटू लागला आहे. बाबांच्या बोटाला तो लगेच लागला. त्यांनी मला तळहाताने मागे दाबून धरले आणि हाक मारली, "सूनबाई, चिकटपट्टी आण गं. हा परत निघाला."